एक्स्पेक्टेड सीटीसीच्या रकान्यात काय लिहायचं?

नोकरीच्या फॉर्ममध्ये अपेक्षित पगार विचारला की करंट सीटीसी (कॉस्ट टू कंपनी, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) अधिक 30 टक्के हे गणित कोणी रूढ केलं देव जाणे, पण पुण्यात आयटीमध्ये ज्याला विचाराल तो हेच सांगतो आणि मला त्याचा खरंच राग येतो. कारण त्यात तुमच्या कामाचा कुठे संबंधच नाहीये, आधीच्या कंपनीने काय दिलं तेवढंच धरलंय. समजा दोघी जणी ऑटोमेशन टेस्टिंगचं अगदी सारखं काम करतात, एक कॅम्पसमधून कमी पॅकेजवर लागली म्हणून आज 4.5 लाखांवर आहे, दुसरी 9 लाखांवर. दोघींना 30 टक्के दिले की एक 5.85 वर जाते, दुसरी 11.7 वर, म्हणजे साडेचार लाखांचं अंतर 5.85 लाख झालं आणि काम तेच! पहिली नोकरी कुठल्या कॉलेजमधून, किती गरजेपोटी घेतली याची शिक्षा माणसाने किती वर्षं भोगायची?

कॅलिफोर्नियात 2018 पासून उमेदवाराला आधीचा पगार विचारायलाच कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे उलट तीन महिन्यांच्या पे स्लिप मागतात, त्यामुळे आकडा खोटा सांगू नकाच, व्हेरिफिकेशनमध्ये सापडतं. खरा सांगा आणि लगेच पुढे म्हणा, माझी अपेक्षा या रोलच्या कामावर आहे, आत्ताच्या पगारावर नाही. न अडखळता म्हणता आलं पाहिजे हे वाक्य.

आणि त्या रोलचा भाव कळतो विचारल्यावर. बायकांचं वय आणि पुरुषांचा पगार विचारू नये असं आपल्याकडे म्हणतात ना, त्यातला पगाराचा अर्धा भाग तरी आता सोडून द्या प्लीज. ग्लासडोर, अँबिशनबॉक्स अशा पगार सांगणाऱ्या वेबसाइट्सवरचे आकडे अंदाजापुरते ठीक आहेत पण तेच काम करणारी, नुकतीच कंपनी बदललेली चार माणसं गाठून विचारलंत तर जास्त खरं कळतं. आपला आकडा सांगून मग त्यांचा विचारला की लोक सांगतात, माझा अनुभव आहे.

आता सीटीसी. माझ्या मावसबहिणीला 12 लाखांची ऑफर आली, ती महिना लाख धरून फ्लॅटची भाडी बघायला लागली होती, मग आम्ही दोघी ऑफर लेटर उघडून बसलो. व्हेरिएबल 10 टक्के, म्हणजे 1 लाख 20 हजार, तेही वर्षाअखेरीस आणि रेटिंगवर. बेसिक 6 लाख, त्यावर कंपनीचा पीएफ 12 टक्के म्हणजे 72 हजार, तो सीटीसीतच धरलेला. ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के म्हणजे 28,860, आणि ती पर्मनंट माणसाला 5 वर्षं टिकलं तरच मिळते. मेडिक्लेमचा प्रीमियम 12 हजार, तोही यातच. मग तिचा स्वतःचा पीएफ परत 72 हजार, प्रोफेशनल टॅक्स 2,500. नव्या रेजीममध्ये इन्कम टॅक्स शून्य येत होता तरी हातात महिना साधारण 74 हजार! पीएफ तिचाच आहे, बुडत नाही, मान्य, पण भाडं त्यातून भरता येत नाही ना.

म्हणून मी म्हणते सीटीसीचा आकडा बोलूच नका, फिक्स्ड, म्हणजे रेटिंगवर न अडकलेला पक्का पगार, किती हवा ते बोला. आणि रेंज दिलीत तर खालचा आकडाही तुम्हाला चालणारा हवा कारण एचआर तोच धरते. 'निगोशिएबल' एवढंच लिहून रकाना सोडून देणं तर नकोच, मग आकडा समोरचा ठरवतो.

बहिणीने मेल केला, सरळ, चार ओळींचा, की टोटल तेच ठेवा पण व्हेरिएबल 5 टक्के करा आणि उरलेले 60 हजार फिक्स्डमध्ये टाका. घरचे घाबरलेले, ऑफर जाईल म्हणून. ऑफर कुठे जात नाही हो अशा मेलने, मी तरी अजून बघितली नाही. सुधारित लेटर आलं, 12 लाख तेच, हातात महिना 5 हजार जास्त.