बत्तीस बोअरची नोंदवही: वेब्ली की स्मिथ अँड वेसन?

पोळ्याच्या आसपास

गेल्या खेपेला लिहिलं होतं तसं दुसऱ्या शस्त्राची जागा माझ्या परवान्यावर अजून रिकामीच आहे. पहिली जागा आजोबांच्या दुनळी बारा बोअर बंदुकीने धरलीय आणि ती काही मी सोडणार नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच शस्त्रं, म्हणजे माझ्यासाठी सगळा खेळ एका रिव्हॉल्व्हरचा. जुन्या मंडळींकडे तीन-तीन असायची, त्यांनाही तिसरं सोडावं लागलं. त्यामुळे तेव्हा बाजारात थोडा माल हलला, पण आता पुन्हा सगळं थंड आहे.

बजेट तीन लाख. या आकड्यावर हसणारे आपल्यातच पुष्कळ आहेत, हे माहीत आहे. अमेरिकेत काही शे डॉलरला मिळणारं जुनं रिव्हॉल्व्हर आपल्याकडे लाखांत जातं, कारण 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आयात करता येत नाही. जेवढी आधी आली तेवढीच आहेत आणि तीच या हातातून त्या हातात फिरतात. त्यात .38 आपल्यासारख्यांना बंद, म्हणजे वेब्ली आणि एनफिल्डची इंग्रजी लष्करी .38 आपण फक्त फोटोतच बघायची. उरतं बत्तीस बोअर, म्हणजे .32 स्मिथ अँड वेसन लाँग नावाच्या काडतुसाचं. ही काडतुसं खडकीच्या कारखान्यात बनतात, बुडावर केएफचा शिक्का असतो, आणि ती मिळतात. जे शस्त्र कधी चालवताच येणार नाही ते कपाटात ठेवण्यात मला रस नाही.

सध्या नजरेसमोर दोन आहेत. एक लातूरला, निवृत्त वकीलकाकांकडे: वेब्ली अँड स्कॉट मार्क फोर, .32. दुसरं हैदराबादच्या एका दुकानात: स्मिथ अँड वेसनचं .32 हँड इजेक्टर, निकेलचं. वेब्लीचे अडीच लाख सांगितलेत, स्मिथचे साडेचार.

“कानपूरचं नवं घे ना, लाखाच्या आसपास मिळतं,” असं घरात ऐकून झालं. सरकारी कारखान्याचं ते रिव्हॉल्व्हर वाईट नाही. आता तर कानपूरवाल्यांनी 2023 मध्ये ‘प्रबल’ काढलं, बाजूला सिलिंडर उघडणारं, सुमारे सातशे ग्रॅमचं. रोज कमरेला लावायचं असेल तर माझं मत त्यालाच. पण मला कमरेला काही लावायचं नाही.

हैदराबादची फेरी

रात्रीच्या गाडीने निघालो, सकाळी सिकंदराबाद. दुकान जुनं, मालक त्याहून जुने. निजामाच्या काळापासून परभणी, नांदेड, बीडकडची देशमुख-जहागीरदार मंडळी तिकडूनच खरेदी करायची, त्यामुळे “परभणी” म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर ओळख दिसते. चहा आला, मग मखमलीत गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर आलं. रिकामं असल्याचं त्यांनी दाखवलं, मी पुन्हा बघितलं, मगच हातात घेतलं.

दिसायला काय देखणं! आय फ्रेम म्हणजे स्मिथची छोटी चौकट, सहा गोळ्यांचं सिलिंडर, हातात घेतल्यावर आपोआप रोखलं जातं. 1896 मध्ये स्मिथने बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरचं पहिलं मॉडेल काढलं ते याच .32 लाँग काडतुसाबरोबर. दुकानदार या नगाला ‘1903 चं मॉडेल’ म्हणत होते. नळीच्या वरच्या पट्टीवर पेटंटच्या तारखा होत्या, पण त्यांचे कोपरे गोल झालेले. तिथेच पहिली शंका आली. मूळ शिक्क्यांची कड बोटाला लागते. पॉलिश करून नवा मुलामा दिला की अक्षरं साबणावर कोरल्यासारखी वाटतात.

मग घोडा आणि चाप बघितले. दोन्ही निकेलचे, आरशासारखे. नवख्यांसाठी हे जरा सविस्तर लिहितो, कारण यात पैसे वाचतात. स्मिथ अँड वेसनचे कारखान्यातून निघालेले निकेलचे नग असले तरी घोडा आणि चाप निकेलचे नसायचे. ते उष्णतेने कठीण केलेले असायचे आणि त्यावर निळसर-तपकिरी ढगाळ रंग असायचा. घोडा-चापावर निकेल दिसलं की नंतर कुणीतरी पूर्ण रिव्हॉल्व्हर बुडवून काढलंय असं समजायचं. कधीकधी मूळ निळ्या नगाचं गंज लपवायला निकेल केलेलं असतं.

दुसरी तपासणी नंबरांची. युद्धापूर्वीच्या स्मिथवर मुठीच्या तळाला नंबर असतो, तोच सिलिंडरच्या मागच्या तोंडावर आणि तोच नळीच्या खालच्या बाजूला, इजेक्टरच्या, म्हणजे रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या दांडीच्या खाचेत. भिंग घेऊन तिन्ही बघितले. मूठ आणि नळी जुळली. सिलिंडरचा नंबर निराळाच.

दुकानदारांना दाखवलं तर ते शांतपणे म्हणाले, “साहब, चलने में क्या फरक पडता?” चालण्यात खरंच फारसा पडत नसेल. घोडा ओढून चाप दाबून धरला तर सिलिंडरला अगदी किंचित हालचाल होती, काडतुसांची सहाही घरं नळीसमोर नीट येत होती. पण साडेचार लाख ‘चालण्याचे’ नसतात, मूळपणाचे असतात.

तरीही परतीच्या गाडीत मन तिकडेच ओढत होतं. जागा एकच असल्यावर हा पेच मोठा होतो. पैसे म्हणतात स्वस्तातलं घे. जागा म्हणते, पुन्हा संधी नाही, कर्ज काढ पण वरचं घे. दुसऱ्या छंदांत आज एक, उद्या बदली असं चालतं. आपल्यात बदली म्हणजे आधी विकणं, त्यासाठी गिऱ्हाईक, त्याचा परवाना, दोन्हीकडचे पोलीस, दोन्हीकडची गृह शाखा. एकदा घेतलं की निदान दहा वर्षं तेच.

लातूर, आणि मग पाऊस

वकीलकाकांचं वय झालंय, मुलगा पुण्यात, सुनेला घरात शस्त्र नको. त्यांनी वेब्ली कपाटातून काढलं तेव्हा ते चामड्याच्या म्यानात होतं. ते बघून मी मनातच कपाळाला हात लावला. चामडं ओल धरून ठेवतं आणि त्यातली रसायनं पोलाद खातात. नशीब, उजव्या बाजूला एक पट्टा तेवढा डागाळला होता. म्यान वेगळं, रिव्हॉल्व्हर वेगळं, हे त्यांना तिथल्या तिथे सांगून आलो.

हे मधून मोडणारं रिव्हॉल्व्हर. डाव्या बाजूचा खटका अंगठ्याने दाबायचा, नळी खाली झुकवायची, आणि मधली चांदणी वर येऊन सगळी पुंगळं, म्हणजे काडतुसांची रिकामी कवचं, एकदम बाहेर टाकते. ज्याने ही कृती कधी केली नाही त्याला वेब्लीवाल्यांचं वेड कळणार नाही, आणि मी ते पटवायच्या भानगडीत पडत नाही.

मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये जीव सांध्यात आणि खटक्यात असतो. बंद करून एका हाताने मूठ आणि दुसऱ्याने नळी धरून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून बघितलं. बिजागरीला खेळ नाही. खटक्यावरून नळी वर उचलायचा प्रयत्न केला, टकटक नाही. उजेडासमोर धरून सिलिंडर आणि नळीमधली फट बघितली, सगळीकडे सारखी. नळीत तोंडाजवळ थोडे खड्डे आहेत, पण आटे, म्हणजे आतल्या पिळाच्या खाचा, तीक्ष्ण. बर्मिंगहॅमच्या तपासणीचे मुकुटाचे शिक्के, बीपी, बीव्ही, एनपी, नळीवर आणि सिलिंडरवर अगदी स्पष्ट. निळा रंग कडांना गेलाय, मुठीजवळ तपकिरी झालाय. म्हणजे कुणी हात लावलेला नाही.

एक गोष्ट मात्र मुद्दाम तपासायला लावली. .32 मध्ये दोन काडतुसं आहेत. जुनं आखूड .32 स्मिथ अँड वेसन, आणि .32 लाँग, ज्याचं पुंगळं तेवीस मिलिमीटरच्या आसपास असतं. बरीच जुनी खिशातली मोडणारी रिव्हॉल्व्हरं फक्त आखूडासाठी आहेत, आणि खडकीचा माल लाँगचा. विक्रेत्याने ‘बत्तीस आहे’ म्हटलं म्हणून पैसे देऊ नका. परवानाधारक कारागिराकडून सिलिंडरची घरं मोजून घ्या. घरच्या घरी कानस चालवणं सोडाच, दुरुस्तीलाही परवाना लागतो. काकांचं लाँगचंच निघालं.

2025 च्या सप्टेंबरमध्ये जे झालं ते मराठवाड्यात कुणाला सांगायची गरज नाही. नदीकाठचं सोयाबीन पाण्यात, उरलेलं काळं पडलं. त्या हंगामाचा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल होता, पण भिजलेल्या दाण्याला तो कोण देतो? बजेट तीनवरून अडीचच्याही खाली आलं. खरं सांगायचं तर त्या दिवसांत हा विषय काढायचीच लाज वाटत होती.

खंडेनवमीला आजोबांची बारा बोअर पुसून पाटावर ठेवली, हळद-कुंकू, झेंडूचं फूल. शेजारच्या पोरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, “दादा, वरातीत एक बार काढायचा का?” त्यांना दरवर्षी तेच सांगतो: हौसेचा गोळीबार 2019 पासून स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोरं हसतात. 2025 च्या सुरुवातीपासून बीडच्या शस्त्रपरवान्यांवरून जो गदारोळ झाला त्याची झळ नीट वागणाऱ्यांनाही लागली, हे त्यांना कोण समजावणार. चौकशा कडक झाल्या, त्या व्हायलाच हव्या होत्या.

दिवाळीनंतर

वेब्ली.

कारण पैसे नाहीत म्हणून नाही, किंवा फक्त त्यामुळे नाही. हैदराबादवाल्यांचा मध्ये फोन आला होता, पावणेचारवर उतरले होते. भावाने उसने देऊ केले होते. पण एकच जागा असेल तर त्या जागेवर काय बसवायचं, हा विचार करताना पारडं उलटं फिरलं. आधी वाटत होतं, जागा मौल्यवान म्हणून देखणं नाव घ्यावं. आता वाटतं, जागा मौल्यवान म्हणूनच ज्याबद्दल शंका नाही तेच घ्यावं. बदललेलं सिलिंडर आणि नवा मुलामा असलेलं स्मिथ दहा वर्षं मला दर रविवारी तेवढंच खुपलं असतं. वेब्लीचे डाग मला माहीत आहेत आणि ते त्याचे स्वतःचे आहेत.

दुसरं कारण कारागिराचं. कानपूरचं जुनं बत्तीस हे वेब्ली मार्क फोरच्याच घडणीवर बेतलेलं. मोडणारा सांधा, खटका, चांदणी हे सगळं आपल्याकडच्या कारागिरांच्या हाताखालून रोज जातं. सुटे भाग सरसकट बसतील असं समजू नका, पण काय बिघडलंय ते त्यांना ऐकूनच कळतं. वेब्लीने 1979 मध्ये बंदुका बनवणं थांबवलं, त्यामुळे नवा भाग येणार नाही हे धरूनच चालायचं.

तिसरं, माझ्या परवान्याचं क्षेत्र महाराष्ट्रापुरतं. तेलंगणातून आणायचं तर कागदांचा आणखी एक थर चढला असता.

स्मिथवाल्या मंडळींनी चिडू नये. जुळणाऱ्या नंबरांचं, मूळ निळ्या रंगाचं हँड इजेक्टर याच किमतीत समोर आलं असतं तर ही नोंद वेगळी झाली असती. यंत्र म्हणून स्मिथचा चाप वेब्लीपेक्षा मऊ आहे, यात मला वाद नाही.

सध्याची स्थिती

काकांनी विक्रीची लेखी सूचना दिली. शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे सूचनेनंतर पंचेचाळीस दिवस जाऊ द्यावे लागतात, मगच हस्तांतर. ते दिवस भरायच्या आतच नगरपालिका निवडणुकीची आचारसंहिता लागली. माझी बारा बोअर ठाण्यात जमा, काकांचं वेब्ली तिकडे जमा. पावत्या जपून ठेवा, त्यावर नंबर नीट लिहिलाय का ते ठाण्यातच वाचा. निकाल लागल्यावर सोडवायचं, मग माझ्या परवान्यावर नोंद, मग पैसे बँकेतून. रोखीत काही नाही, काकांनीच आधी सांगितलं: “वकिली केलीय मी, मला शिकवू नको.”

रिव्हॉल्व्हर घरी आलं की आधी नळी आणि घरं नीट साफ करणार, उजव्या बाजूच्या डागावर तेल आणि मऊ कापड, बाकी काही नाही. पितळी ब्रशसुद्धा बाहेरून लावणार नाही. पुन्हा निळं करून घ्या असा सल्ला कृपया कुणी देऊ नका.

एकच गोष्ट हवी आहे. डाव्या मुठीच्या पट्टीचा खालचा कोपरा उडालाय. चौकड्यांच्या नक्षीची काळी मूळ पट्टी कुणाकडे सुटी पडली असेल तर कळवा. स्क्रूच्या भोकापासून दोन्ही टोकांची मापं मी कागदावर उतरवून ठेवली आहेत. लाकडी किंवा प्लास्टिकची नक्कल नको, त्यापेक्षा फुटका कोपरा परवडला.