खोगीर चढवण्याआधी

सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलेली आमची मारवाडी घोडी, बिजली, रेवाल चालीला इतकी सुरेख की पाठीवर पाण्याचा पेला ठेवला तरी हिंदकळू नये. पण अतिशय बुजरी. आणली तेव्हा उसाचा हंगाम ऐन भरात होता. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जायचे, शेजारच्या रानात मल्चिंगचा प्लास्टिकचा कागद फडफडायचा. तिची मान वर, नाकपुड्या फुगलेल्या, आतल्या बाजूला वळलेल्या कानांची टोकं एकमेकांना भिडलेली. माझ्याकडे लक्ष नावालाही नाही. मी खोगीर भिंतीला टांगलं आणि तोंडावर बांधायची म्होरकी व तिला जोडायची बारा फुटी सुती काढणी, म्हणजे दोर, घेऊन तिच्यासोबत जमिनीवरूनच काम सुरू केलं.

पहिला धडा मागं सरकण्याचा. काढणीवर हलकासा ताण द्यायचा आणि थांबायचं. पाऊल उचलायचीही वाट पाहायची नाही, अंगाचा भार मागच्या पायांवर गेला की त्याच क्षणी ताण सोडायचा. घोडा शिकतो तो या सुटकेतून. ती उशिरा मिळाली तर आपण कशासाठी सोडलं हेच त्याला कळत नाही.

ट्रॅक्टर दिसला की मात्र हे सगळं विसरायची. आमच्या वस्तीवरचे आप्पा आयुष्यभर घोडी पाळत आलेत. एकदा बांधावरून बघत म्हणाले, "पोरी, तोंड ओढू नको तिचं. बघू दे तिला. तू मागचा पाय हलव." तेव्हापासून ती टक लावून उभी राहिली की मी तिच्या पोटापाशी जाते, पुठ्ठ्याकडे, म्हणजे मागच्या मांसल भागाकडे, बघते आणि काढणीचं टोक हळूच फिरवते. जवळचा मागचा पाय दुसऱ्या पायापुढून आडवा पडला की मी थांबते. पाय असा ओलांडताना तिला अंग ताठ ठेवता येत नाही. मग एक कान माझ्याकडे वळतो, दुसरा अजून ट्रॅक्टरकडेच. मला तेवढं पुरतं.

हे सगळं उजव्या बाजूनं पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागलं. आपण घोड्याला बहुतेक डावीकडूनच हाताळतो, खोगीरही डावीकडूनच चढवतो. उजवीकडून मी नुसता हात वर केला तरी बिजली अंग चोरायची.

घाबरट जनावराला गोल गोल पळवून दमवायचा सल्ला पुष्कळांनी दिला. मला तो अजिबात पटत नाही. कोवळ्या सांध्यांवर ताण येतो आणि डोकं आणखी तापतं. त्यापेक्षा थोडा वेळ काम आणि मध्ये भरपूर विश्रांती बरी. त्या वेळात मी तिची आयाळ संपते तिथं, खांद्यांच्या वरच्या उंचवट्यावर, बोटांनी खाजवते. घोडे एकमेकांना तिथंच दातांनी खाजवतात आणि त्यानं त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात. बिजलीचा खालचा ओठ लोंबायला लागला, की ती सैल झाली हे मला कळतं.

प्लास्टिकची भीती घालवायला माझा भाऊ खताची रिकामी गोणी ओढत पुढं चालायचा आणि आम्ही दोघी मागून. भीतीची वस्तू आपल्यापासून लांब जातेय म्हटल्यावर घोड्याला तिचा पाठलाग करावासा वाटतो. अंतर कमी होत होत एक दिवस तिनं गोणीला नाक लावून जोरात फुरफुर केलं. नंतर तीच गोणी मी तिच्या खांद्याला घासू लागले. ती उडी मारते तोवर गोणी अंगावरच ठेवायची, पाय स्थिर झाले की काढायची. नियम काढणीचाच.

आता खोगीर पाठीवर राहतं. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एकेक भोक आवळत मी तिच्याकडून हेच सगळं पुन्हा करून घेतेय. पाऊस तोंडावर आलाय आणि रेनकोट घातलेला माणूस तिनं अजून जवळून पाहिलेला नाही, म्हणून सध्या सकाळची चंदी, म्हणजे दाणा, मी रेनकोट घालूनच देते.