बोलावणं

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आई झोपलीय. मला झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले, नाहीतर उद्या यातलं अर्धं विसरेन.

आज तिला डेट्रॉईटला लागून असलेल्या डिअरबॉर्नला घेऊन गेले. येऊन तीन आठवडे झाले तिला, देऊळ आणि कॉस्टको सोडून कुठे नेलंच नव्हतं, आणि मी नऊ वर्षं या डेट्रॉईटात गाड्यांच्याच धंद्यात आहे तर म्हटलं निदान फोर्डचा रूज कारखाना तरी दाखवू. पण खरं सांगायचं तर मला अरब अमेरिकन म्युझियम बघायचं होतं. गेला महिनाभर मी इथल्या अरब कामगारांच्या आठवणी झपाटल्यासारख्या ऐकतेय, वाचतेय, लेबनॉनचे, पॅलेस्टाइनचे, येमेनचे, आणि त्यात गाडीबद्दल कोणी फारसं बोलतच नाही. बोलतात ते खोलीबद्दल, गावी पाठवलेल्या पैशांबद्दल, पहिल्या थंडीबद्दल, फोरमनने नाव नीट न घेता दुसरंच काहीतरी ठेवलं त्याबद्दल.

म्युझियम मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर आहे, २००५ ला उघडलं. समोरच जुना सिटी हॉल. त्या इमारतीत १९४२ पासून १९७८ पर्यंत ऑरव्हिल हबर्ड नावाचा मेयर बसायचा, काळ्या लोकांना गावात राहू देणार नाही असं उघड बोलणारा. आणि आज त्याच्या दारासमोर हे म्युझियम. मी आईला हे सांगितलं तर ती रस्ता ओलांडता ओलांडता थांबून दोन्ही इमारतींकडे बघत राहिली, मागून हॉर्न वाजला तेव्हा हलली.

नंतर कॉफी प्यायला येमेनी दुकानात गेलो, आता तर ही दुकानं गल्लोगल्ली झालीयत. वेलची घातलेली कॉफी, आई म्हणाली हा तर आपला मसाल्याचा वास. शेजारच्या टेबलावर एक म्हातारे काका बसले होते, ऐंशीच्या आसपासचे असतील, त्यांनी आईला साडीत बघून "हाज्जा, वेलकम" म्हटलं (हाज्जा म्हणजे मोठ्या बाईला मानाने मारलेली हाक) आणि मग गप्पा सुरू झाल्या, मी मधे दुभाषी. काका १९७० च्या सुमाराला आले, एकटेच, आठ जण एका घरात, कोणी दिवसपाळीला कोणी रात्रपाळीला. बायको गावी. सतरा वर्षांनी आली. हे सतरा त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं.

मी विचारलं, येमेनची माणसं एवढ्या लांब मिशिगनला का आली. तर त्यांनी तीच गोष्ट सांगितली जी मी आधी तीनचार ठिकाणी वाचली होती. हेन्री फोर्डला एकदा बंदरात एक येमेनी खलाशी भेटला, फोर्ड त्याला म्हणाला माझ्या कारखान्यात ये, दिवसाला पाच डॉलर देतो, तुझ्या माणसांनाही सांग. खलाशाने गावी कळवलं आणि मग सगळे आले.

आता मी गाड्यांच्या क्वालिटी तपासणीत काम करते, माझी खोड अशी की तारीख जुळते का बघायचं. आणि तारीख जुळत नाही. पाच डॉलर रोज जाहीर झाला जानेवारी १९१४ ला, हायलंड पार्कच्या कारखान्यात. तेव्हा फोर्डकडे आलेले अरब बहुतेक आजच्या सीरिया-लेबनॉन भागातले, तुर्की सुलतानाच्या राज्यातले, आधी पाठीवर गाठोडं घेऊन दारोदार सुया-दोरे विकणारे. १९१६ ला कंपनीने मोजले तर ५५५ सीरियन निघाले, यांनीच १९२१ ला हायलंड पार्कात मशीद बांधली. येमेनी तेव्हा अगदी थोडे, त्यांचा खरा लोंढा आला १९६५ चा नवा इमिग्रेशन कायदा झाल्यावर, म्हणजे हेन्री फोर्ड वारल्याला अठरा वर्षं होऊन गेल्यावर. अभ्यासकही या गोष्टीला दंतकथाच म्हणतात. काकांसमोर मी काही बोलले नाही, पण गाडीत बसल्यावर आईला हे सगळं सांगत सुटले.

आई ऐकून घेत होती. मग म्हणाली, "अगं, पण बोलावल्याशिवाय कोणी जातं का कुणाच्या घरी?"

आणि मग म्हणाली, "अण्णांचं नाही का तसंच."

अण्णा म्हणजे आईचे वडील. दाभोळहून बोटीने मुंबईला आले, लालबागला मिलमध्ये लागले. आमच्या घरात कायम असंच सांगतात की जॉबरने, म्हणजे मिलमध्ये माणसं भरणाऱ्या मुकादमाने, चिठ्ठी पाठवून त्यांना बोलावून घेतलं, "माणूस पाठवा, पोरगा कामाचा आहे." आज आईने पहिल्यांदा सांगितलं की चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती. अण्णा चुलत्याच्या मागे आले आणि दीड वर्ष बदली कामगार म्हणून रोज सकाळी गेटवर उभे राहिले, घेतलं तर घेतलं. चिठ्ठीची गोष्ट आजी सांगायची, गावात, शेजारणींना.

तिथून पुढे घरी येईपर्यंत मी हाच विचार करत होते. मी गोष्ट खोटी म्हणून बाजूला ठेवली होती, पण ती कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते बघितलंच नाही. तुम्ही इथे कशाला आलात, हे ज्याला सारखं विचारलं जातं त्याचं ते उत्तर आहे. आम्हाला मालकाने बोलावलं, नाव सांगतो, कोणी ते पण सांगतो.

आणि बोलावणं तर होतंच की! १९१३ ला फोर्डकडे चौदा हजारांच्या आसपास कामगार, पण ते टिकेनात, असेंब्ली लाइनचं काम इतकं जीवघेणं की वर्षभरात पन्नास हजारांवर माणसं घ्यावी लागली. म्हणून तर पाच डॉलर. बातमी देशभर पेपरात आली, हजारो माणसं कडाक्याच्या थंडीत गेटवर जमली, आणि गर्दी आवरेना तेव्हा त्यांच्यावर बंबाचं पाणी सोडलं. ज्यांना घेतलं त्यांनाही सरसकट पाच मिळाले नाहीत, त्यातला निम्मा भाग नफ्याचा वाटा म्हणून, आणि तो मिळण्याआधी कंपनीचा माणूस घरी यायचा, घर स्वच्छ आहे का, दारू पितो का, घरात भाडेकरू भरलेत का. एका खोलीत पाच जण राहून गावी पैसे पाठवणाऱ्याला या तपासणीचं काय वाटत असेल! बोलावणारे तेच, आणि उंबऱ्यात उभं राहून झाडा घेणारेही तेच.

नंतर काम हायलंड पार्कहून रूजला सरकलं तशी माणसंही सरकली, कारखान्याच्या अगदी कुशीत, डिअरबॉर्नच्या साउथएंड वस्तीत. १९३८ ला तिथे डिक्स रस्त्यावर मशीद उभी राहिली. आम्ही आज तिथूनच आलो, एका बाजूला घरं आणि पलीकडे रूजची धुरांडी. याच वस्तीला १९७० च्या आसपास सिटी कौन्सिल इंडस्ट्रीसाठी मोकळी करायला निघालं होतं, घरं विकत घ्यायची आणि पाडायची, दुरुस्तीच्या परवानग्या अडवायच्या. लोक कोर्टात गेले, १९७३ ला फेडरल कोर्टाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला, अपिलं पुढे कित्येक वर्षं चालली. याच भांडणाच्या काळात, १९७१ ला, अ‍ॅक्सेस ही अरब लोकांना मदत करणारी संस्था सुरू झाली, तीच जिने पुढे हे म्युझियम उभं केलं.

आणि १९७३ चंच दुसरं. ऑक्टोबरमध्ये तिकडे अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि इथल्या अरब कामगारांच्या लक्षात आलं की त्यांच्या वर्गणीतून चालणाऱ्या युनियनने इस्रायलचे बॉन्ड घेतलेत. त्यांनी युनियनच्या ऑफिसवर मोर्चा नेला. मग २८ नोव्हेंबरला हॅमट्रॅम्कच्या डॉज मेन या क्रायस्लरच्या गाड्यांच्या कारखान्यात अरब कामगार काम सोडून बाहेर पडले आणि लाइन थांबली. मला हे वाचताना अंगावर काटा आला होता, कारण लाइन थांबणं म्हणजे काय ते मला माहितीय, पाच मिनिटं थांबली तरी आमच्याकडे फोनवर फोन येतात. ज्यांची नावं फोरमनला घेता येत नव्हती त्यांच्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही हे त्या संध्याकाळी सगळ्यांना कळलं असणार.

मी काकांना याबद्दल विचारलं होतं. ते हसले, आणि फक्त म्हणाले, "थंडी फार होती." पुढे काही बोलले नाहीत, मीही खोदलं नाही. तो कारखाना १९८० ला बंद झाला, मग पाडला, आज बघायला गेलं तर त्याचं काही उरलेलं नाही. म्हणून तर या माणसांचं बोलणं टिपून ठेवायला हवं, आणि त्यात खलाशाची गोष्टही हवी, तारीख जुळो न जुळो, फक्त शेजारी खरी तारीख लिहून. एक खोडून दुसरं लिहायचं नाही.

घरी आल्यावर मी फोनचं रेकॉर्डिंग चालू करून आईसमोर ठेवलं, म्हटलं अण्णांचं पहिल्यापासून सांग. ती आधी लाजली, मग चाळीस मिनिटं बोलली. गेटवर उभं राहायला अण्णा पहाटे किती वाजता उठायचे, खाणावळीत महिन्याचे किती द्यायचे, मनिऑर्डर कोणाच्या नावावर जायची. दोनदा रडली. बोटीचं नाव मात्र तिला काही केल्या आठवेना. म्हणाली सुमामावशीला माहीत असेल, ती अण्णांबरोबर एकदा गेली होती त्याच बोटीने, पण आता तिकडे सकाळ आहे, ती पूजेला बसली असेल, तासाभराने फोन लाव.

तासाभराने आईच झोपली. मीच लावते आता.