नऊ किलो चारशे ग्रॅम राख

१४ फेब्रुवारी २०१४, शुक्रवार. पहाटे सव्वाचारच्या सुमारास गिरणीतून फोन आला तेव्हा वीज गेली असावी असेच मला वाटले, कारण त्या वेळी येणाऱ्या फोनचे कारण बहुधा तेच असे. रात्रपाळीच्या सुपरवायझरने मात्र निराळेच सांगितले. रिंग फ्रेमवर, म्हणजे सूत कातणाऱ्या साच्यांवर, धागे तुटण्याचे प्रमाण तासाभरात दुपटीवर गेले होते, खात्यातल्या ट्यूबलाइटभोवती अंधुक कडी दिसू लागली होती आणि बाहेर ‘हुजान आबू’ सुरू होता. हुजान म्हणजे पाऊस आणि आबू म्हणजे राख.

मध्य जावामधल्या सोलो शहराजवळ, म्हणजे कागदोपत्री ज्याला सुराकार्ता म्हणतात तिथे, मी एका सूतगिरणीत देखभाल विभाग सांभाळत होतो. माझा जन्म इचलकरंजीचा, त्यामुळे सूत आणि साचे यांच्या आवाजातच लहानाचा मोठा झालो. इंडोनेशियातल्या कापड उद्योगात भारतीय तंत्रज्ञ बऱ्याच वर्षांपासून आहेत, त्यामुळे तिथे जाण्यात काही विशेष नव्हते. विशेष होते ते क्षितिज. सोलोच्या पश्चिमेला मेरापी आणि पूर्वेला लावू, असे दोन ज्वालामुखी निरभ्र सकाळी गच्चीवरून दिसत. २०१० साली मेरापीच्या उद्रेकात साडेतीनशेच्या आसपास माणसे गेली तेव्हा मी तिथे नवखा होतो. त्यामुळे राख म्हटले की मेरापी, हे समीकरण माझ्या डोक्यात पक्के बसले होते.

म्हणूनच दार उघडून मी आधी पश्चिमेकडे पाहिले. तिकडे काहीच नव्हते. खरे तर कोणत्याच दिशेला काही नव्हते. अंगणातल्या दिव्याच्या उजेडात करडी पूड एकसारखी, आवाज न करता उतरत होती. रात्री अकराच्या पुढे लांबून दोन-तीन दणके ऐकू आले होते, ते मी ढगांचा गडगडाट समजून कूस बदलली होती. जीपमधल्या रेडिओवर नाव कळले. पूर्व जावामधला केलुद, आमच्यापासून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरांहून लांब. त्याने राख सतरा किलोमीटरांच्याही वर फेकली होती आणि तेवढ्या उंचीवरच्या पूर्वेकडून येणाऱ्या वाऱ्याने ती आमच्या डोक्यावर आणून टाकली होती. ज्या डोंगराकडे वर्षानुवर्षे डोळे लावून बसलो होतो, तो बिचारा त्या दिवशी गप्प होता.

केलुद उंचीने फार मोठा नाही, १,७३१ मीटर. त्याची दहशत होती ती विवरातल्या तळ्यामुळे. १९१९ च्या उद्रेकात ते सगळे तळे बाहेर फेकले गेले, पाणी, राख आणि दगड यांचा लोंढा उतारावरून गावांवर आला आणि पाच हजारांहून अधिक लोक मेले. अशा लोंढ्याला जावाचे लोक ‘लाहार’ म्हणतात आणि पुढे जगभरच्या भूगर्भशास्त्राने तोच शब्द उचलला. त्यानंतर डच सरकारने विवराच्या भिंतीतून बोगदे खणून तळ्याचे पाणी खाली आणले, त्यामुळे १९५१ च्या उद्रेकात मनुष्यहानी अगदीच थोडी झाली. पण त्याच उद्रेकाने विवर खोल करून ठेवले, तळे पुन्हा भरले आणि १९६६ मध्ये लाहाराने दोनशेहून अधिक बळी घेतले. मग आणखी खालून नवा बोगदा काढावा लागला. यंत्रांची देखभाल करणाऱ्या माणसाला ही हकीकत फार ओळखीची वाटते. आपण एक गळती बंद करावी आणि यंत्राने पुढच्या वेळी दुसरीकडून तोंड काढावे, असाच हा प्रकार.

त्या रात्री सव्वानऊला सरकारी वेधशाळेने धोक्याची पातळी सर्वांत वर नेली होती. त्या पातळीचे इंडोनेशियन नाव ‘आवास’, म्हणजे सावधान. आपल्याकडे ज्याचा अर्थ घर, त्याच उच्चाराचा शब्द तिथे घर सोडून निघायला सांगतो, याची मला नेहमीच गंमत वाटत आली आहे. दहा किलोमीटरच्या परिघातली माणसे हलवायची होती आणि दहा वाजून पन्नास मिनिटांनी डोंगर फुटला. म्हणजे हातात पुरते दोन तासही नव्हते, तरीही बळींची संख्या दहाच्या आत राहिली. गिरणीत पोचेपर्यंत यातले मला फारसे काही ठाऊक नव्हते.

खात्यात शिरल्यावर पहिली चूक सापडली ती माझीच. रात्री बाहेरची हवा गार असते, म्हणून विजेची बचत व्हावी या हेतूने ह्युमिडिफिकेशन प्लँटचे, म्हणजे खात्यातली हवा दमट राखणाऱ्या यंत्रणेचे, ताज्या हवेचे डँपर, म्हणजे झडपा, रात्रपाळीत जास्त उघडे ठेवावेत, असा लेखी आदेश मीच काढला होता. रात्रपाळीने तो इमानेइतबारे पाळला होता. पंखे बाहेरची हवा खेचत होते, हवेबरोबर राख येत होती, हवा धुणाऱ्या एअर वॉशरच्या पाण्यात तिचा चिखल होऊन फवाऱ्यांची तोंडे बुजली होती आणि जी राख पाण्यातूनही निसटली ती थेट चात्यांवर, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या फिरत्या दांड्यांवर, जाऊन बसत होती. एक कांडी उपसून मी उजेडात धरली. पांढरे सूत वरच्या थरांत फिकट करडे झाले होते. बोटांवर घेऊन चोळले तर साखरेसारखे खरखरले.

राख हा शब्द इथे तसा फसवाच आहे. चुलीतली राख काहीतरी जळून उरलेली असते, मऊ असते, आपल्या आज्यांनी तिने भांडी घासली. ज्वालामुखीच्या राखेत जळलेले काही नसते. वर येणाऱ्या शिलारसात विरघळलेला वायू दाब कमी होताच फसफसून सुटतो आणि तो रस फाटून त्याच्या चिंधड्या होतात. त्या चिंधड्या थंड होऊन काचेचे आणि खनिजांचे अणकुचीदार कण बनतात. रिंगवरून मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या ट्रॅव्हलरच्या, म्हणजे धाग्याला पीळ देणाऱ्या चिमुकल्या कडीच्या, वाटेत असा कण आला म्हणजे काय होते, हे सूतगिरणीत काम केलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

साडेपाचला डँपर बंद केले, कॉम्प्रेसर थांबवले आणि सगळी गिरणी थांबवावी असे व्यवस्थापनाला कळवले. त्यावर तासभर वाद झाला. आतलीच हवा फिरवून साचे चालवता येतील, असे वरच्यांचे म्हणणे होते, आणि ते अगदीच चुकीचे नव्हते. माझे भय वेगळ्या जागी होते. आमचे २० केव्हीचे यार्ड, म्हणजे गिरणीला वीज पुरवणारे उपकेंद्र, उघड्यावर होते. इन्सुलेटरवर बसलेली कोरडी राख फारसा त्रास देत नाही, पण ती भिजली की तिच्यावरून वीज वाहू लागते. फेब्रुवारी हा जावामध्ये ऐन पावसाचा महिना. ढग केव्हा भरतील याचा नेम नव्हता आणि पाऊस सुरू झाल्यावर यार्डात माणूस पाठवण्याची माझी तयारी नव्हती. सात वाजता हे सर्वांना पटले. साडेसातला एकेक रिंग फ्रेम थांबत गेली आणि सदोदित गर्जणाऱ्या त्या खात्यात आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येऊ लागला.

यार्डातला पुरवठा तोडून, अर्थिंग करून इन्सुलेटर कोरड्या फडक्यांनी आणि ब्रशांनी पुसायला मी वीजवाल्यांना लावले आणि छपराकडे वळलो. इथे मी दुसरी चूक करण्याच्या बेतात होतो. अग्निशमनाचे होज जोडून सगळे छप्पर धुऊन काढावे, तासाभरात काम संपेल, असा माझा हिशेब होता. होज अंथरूनही झाले होते. तेवढ्यात आमचा जुना फिटर समोर येऊन उभा राहिला. तो निवृत्तीला आलेला होता आणि सगळी गिरणी त्याला म्बाह, म्हणजे आजोबा, म्हणत असे. जावाच्या रीतीप्रमाणे वरिष्ठाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. त्यानेही म्हटले नाही. फक्त होजच्या तोटीवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, “जंगान दिसिराम, पाक.” पाणी मारू नका, साहेब.

तो मूळचा ब्लितारकडचा, केलुदच्या पायथ्याचा. १९९० च्या फेब्रुवारीत केलुद फुटला तेव्हा तो तिशीत होता. तोवर बोगद्यांमुळे तळे उथळ झाले होते आणि लाहाराची भीती कमी झाली होती. त्या वेळी तीसेक माणसे गेली ती मुख्यतः राखेच्या भाराने कोसळलेल्या छपरांखाली. त्याच्या शेजारचे घर कोरड्या राखेखाली तग धरून होते. पाऊस आला आणि ते बसले. हे सांगताना त्याने दोन्ही तळवे एकावर एक ठेवून सावकाश खाली दाबले, बाकी वर्णन केले नाही.

मला आकडा हवा होता. म्हणून आवारातल्या फरशीवर खडूने एक मीटर लांबीरुंदीचा चौकोन आखला, त्यातली राख कुंच्याने गोळा करून डब्यात भरली आणि डबा लॅबमधल्या काट्यावर ठेवला. थर बोटाचे अर्धे पेरसुद्धा बुडणार नाही एवढा होता. डब्याचे वजन वजा जाता नऊ किलो चारशे ग्रॅम भरले. आमच्या शेडचे छप्पर सुमारे अठरा हजार चौरस मीटरचे. मी कागदावर गुणाकार केला आणि पुन्हा करून पाहिला. जवळपास एकशे सत्तर टन. मग त्या डब्यात पाणी वर तरंगू लागेपर्यंत ओतले आणि पुन्हा काट्यावर ठेवले, तर आणखी चार किलो वाढले. होज सुरू केले असते तर निम्मे छप्पर धुऊन होण्याआधी पन्हळी आणि उताराचे पाइप चिखलाने बुजले असते आणि तो चिखल, ते पाणी, सगळे पत्र्यांच्या खोलगट भागात साचून राहिले असते. म्बाहला गुणाकाराची गरज पडली नव्हती.

पुढचे काम त्याने सांगितले तसे झाले. आधी पन्हळींची तोंडे गोणपाटाने झाकली, म्हणजे राख पाइपांत उतरणार नाही. मग आढ्यापासून खाली, दोन्ही उतारांवर एकाच वेळी, कारण एक बाजू रिकामी आणि दुसरी भरलेली अशी ठेवली तर छप्पर पेलणाऱ्या कैच्यांवर वाकडा भार येतो. माणसांनी पत्र्यावर पाय न ठेवता खालच्या वाशांच्या रेषेवर टाकलेल्या फळ्यांवरूनच चालायचे, कमरेला दोर बांधायचा. बाहेर जेवढे मास्क होते ते कधीच संपले होते. आमच्याकडे कापडाला तोटा नव्हता, तेव्हा चार पदरी पट्ट्या फाडून तोंडाला बांधल्या. दुपारी बाराच्या आधी सगळे खाली उतरले, मशिदीची ओसरी झाडून घेतली आणि जुम्म्याचा नमाज झाला. मी तेवढा वेळ पाण्याच्या टाकीला टेकून बसलो.

त्याच वेळी इचलकरंजीहून आईचा फोन आला. टीव्हीवर लाल रस वाहताना दाखवत होते म्हणे. “आई, इथे लाल काहीच नाही, सगळे सिमेंटच्या गोदामासारखे दिसते आहे,” असे मी सांगितले. तिला ते पटले नसावे. “तोंड झाकून घे,” एवढे बोलून तिने फोन ठेवला. भर दुपारीही गाड्या दिवे लावून चालल्या होत्या, सोलो आणि योग्याकार्ताचे विमानतळ बंद होते आणि रस्त्याकडेच्या केळींची पाने राखेच्या ओझ्याने मधोमध मोडून लोंबत होती.

अंधार पडेपर्यंत मुख्य शेड साफ झाली. पोती मोजली नाहीत, पण गेटापासून कॅन्टीनपर्यंत दोन्ही बाजूंनी त्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. पुढच्या आठवड्यात विटा पाडणाऱ्यांनी ती बरीचशी उचलून नेली. एअर वॉशरच्या हौदांतला चिखल मात्र फावड्याने काढावा लागला, आणि त्याला तीन दिवस गेले. हजारो चात्यांवरचे धागे नव्याने सांधून खाते पूर्ण चालू व्हायला आठवडा लागला. त्या रात्रीचे करडे सूत दुय्यम प्रतीचे म्हणून विकले. डँपरविषयीचा माझा आदेश मी स्वतः फाडला आणि नवा काढताना त्यात राखेसाठी एक परिच्छेद घातला.

पहिली जोराची सर आली तेव्हा मी आणि म्बाह शेडच्या दारात उभे होतो. उताराच्या पाइपांतून आधी ताकासारखे करडे पाणी आले, मग ते निवळत गेले. वरून कुठेही करकर नव्हती. मी त्याच्याकडे पाहून मान हलवणार एवढ्यात मागच्या बाजूने फटाक्यांची माळ फुटावी तसा आवाज झाला. धावत गेलो तर दुचाकींच्या स्टँडचे छप्पर जमिनीला टेकले होते. ते शेडच्या भिंतीला लागून, बरेच खाली होते. मुख्य छपराच्या त्या कडेची राख पोत्यात भरण्याऐवजी आमच्या माणसांनी घाईत तशीच खाली लोटली होती, ती सगळी त्या स्टँडवर साठली होती आणि त्याच्याकडे पाहायचे कोणालाही सुचले नव्हते, मलाही नाही आणि त्यालाही नाही. पाळी बदलायला अवकाश होता म्हणून तिथे माणूस नव्हते. सात-आठ मोटारसायकली चेपल्या, त्यांतली एक म्बाहची होती.

तो पावसातच वाकून पत्र्याखाली पाहत राहिला, मग एक मूठ चिखल उचलून हातात जोखला आणि मला विचारले, “हे किती किलो होते, पाक?”