आईचं पित्त आणि माझी पिशवी

दोन वर्षं ज्याला मी पित्त म्हणत होते, ते पित्त नव्हतंच. पुरणपोळीवर तुपाची धार सोडली की रात्री उजव्या बरगडीखाली कुणी मूठ आवळल्यासारखं व्हायचं, कळ पाठीत, खांद्याच्या पात्यापर्यंत जायची आणि दोनेक तासांनी ओसरायची. ठाण्याच्या पाचपाखाडीहून आईचं निदान ठरलेलं : "जागरणं करतेस, पित्त खवळलं. आमसुलाचं सार घे." घेतलं. श्टुटगार्टात बसून किलोभर आमसुलं संपवली.

त्या रविवारी मात्र कळ थांबेना. जर्मनीत रविवारी आजारी पडू नये. आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची साधी गोळीसुद्धा इथे फक्त औषधाच्या दुकानात मिळते, आणि दुकानं बंद. ज्याची पाळी असेल ते एकच उघडं, ते ट्रामने पाच थांबे लांब. तिथेही आत घेत नाहीत. दारातल्या खिडकीतून गोळ्या देतात, वर अडीच युरो जादा. मी पोट धरून वाकलेली आणि खिडकीतली बाई शांतपणे पावती छापतेय! ठाण्यात आमच्या खालच्या मेडिकलवाल्याला नुसता फोन केला असता तर पोरगा दारात आला असता, 'पैसे उद्या द्या' म्हणाला असता. (चिठ्ठीही न विचारता. त्यावर नंतर भांडू.)

पण त्याच बाईने पावती देताना कुठे दुखतंय ते विचारलं, माझे डोळे पिवळे नाहीत ना ते बघितलं आणि बजावलं, "आजच सोनोग्राफी करा." मेडिकलवाल्याने हे केलं असतं का, माहीत नाही.

सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीत, म्हणजे पित्ताशयात, तीन खडे दिसले. तेलकट-तुपकट खाल्लं की पित्त ढकलायला पिशवी आकसते, खडा तोंडाशी अडकतो, म्हणून कळ. ताप-थंडी आली, डोळे पिवळे झाले किंवा कळ तासन्‌तास हटली नाही, तर थेट हॉस्पिटल गाठायचं. गोळीने दुखणं थांबतं, खडे जात नाहीत. खात्रीचा उपाय एकच, पिशवी काढणं.

दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं जगातलं पहिलं ऑपरेशन एरिख म्यूहे यांनी १९८५ साली केलं, तेही इथून अर्ध्या तासावरच्या ब्योब्लिंगनमध्ये. इथल्या सर्जनमंडळींनी तेव्हा त्यांना नावंच ठेवली. मुंबईत डॉ. तेहमटन उडवाडियांनी १९९० साली जे. जे. हॉस्पिटलमध्ये ते करून दाखवलं. विमानात हे सगळं मी नवऱ्याला ऐकवलं, कारण इथला विमा सगळा खर्च देत असताना मी ऑपरेशनला ठाण्याला निघाले होते. तो म्हणाला, "म्हणजे आपण पाच वर्षं मागे." त्याला काय कळणार! चार भोकं कुणीही पाडेल, नंतर मऊ भात कोण कालवणार?

दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. खडे छोट्या बाटलीत घालून दिले होते. आईने ती शोकेसमध्ये गणपतीशेजारी ठेवली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "नुसते खडे काढायचे, पिशवी कशाला गं?" मी सांगितलं, पिशवी ठेवली तर पुन्हा खडे होतात, पित्त यकृतात बनतं, ते आता थेट आतड्यात उतरेल. मग त्यांनी ऑलिव्ह तेल आणि लिंबाच्या रसाचा व्हॉट्सॲपवरचा उपाय काढला. त्याने पडतात ते हिरवे गोळे तेलाचेच असतात, खडे नव्हेत, हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर काकू बाटली कानाशी धरून हलवत होत्या.

"वाजतात हो," त्या म्हणाल्या.

आईने माझ्या मऊ भातावर सवयीने तुपाची धार धरली, मग एकदम हात आखडला आणि चमचा काकूंच्या ताटात रिकामा केला.