सह्याद्रीचे भाऊबंद : मॉरिशसच्या डोंगररांगांतून

मॉरिशसला जाणारी आपली मंडळी बहुधा समुद्रकिनारे पाहून परततात आणि तिथले डोंगर त्यांच्या छायाचित्रांत मागे कुठेतरी दिसतात, एवढेच. उंचीचा हिशेब मांडला तर त्यांना दोष देता येणार नाही. बेटावरचे सर्वोच्च शिखर, ‘पितों द ला पेतित रिव्हिएर न्वार’, 828 मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जेमतेम निम्मे. तरीही पोर्ट लुईच्या बंदरावर उभे राहून शहराकडे वळावे, तर घरांच्या मागे एकदम उठलेले काळे कडे, त्यांच्या निमुळत्या धारा आणि धारेवर निघालेले सुळके पाहून सह्याद्रीत भटकलेला माणूस थबकतोच.

हे साम्य योगायोगाचे नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी ज्या खोल तप्त प्रवाहातून उसळलेल्या लाव्ह्याने दख्खनचे पठार घडवले, त्याच प्रवाहाने फार पुढे मॉरिशसही घडवले, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला तसतशी त्या जागेवर लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांच्या पायाची समुद्रातली रांग उभी राहत गेली. नंतर महासागराच्या तळाला दुभंगणारी भेगच त्या जागेवरून सरकली आणि तो प्रवाह आफ्रिकेकडच्या भूपट्टाखाली आला. तिथे सुमारे 80 ते 90 लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर येऊ लागले. आज त्याच उष्णतेवर साधारण 200 किलोमीटर नैर्ऋत्येला, रेयुनियन बेटावरचा ‘पितों द ला फुर्नेझ’ हा जागता ज्वालामुखी धगधगतो आहे.

नकाशावर मॉरिशसच्या तीन रांगा सुट्या दिसतात. वायव्येला मोका आणि पोर्ट लुईची रांग, नैर्ऋत्येला ब्लॅक रिव्हर आणि सवानची, आग्नेयेला ग्रां पोर बाजूची बांबू रांग. मुळात मात्र या एकाच प्रचंड ज्वालामुखीच्या आहेत. त्याचा माथा खचला, पाण्यावाऱ्याने बाजू झिजल्या, आणि फुटलेल्या मडक्याच्या काठाचे तुकडे जमिनीत उभे राहावेत तसे हे डोंगर मागे उरले.

ही गोष्ट प्रत्यक्ष पाहण्यासाठी ‘ल पूस’ चढावा. उंची 812 मीटर, वर टोकाला अंगठ्यासारखा कातळ. मोकाच्या बाजूने निघालेली वाट आधी उसाच्या शेतांतून जाते, मग चिनी पेरूच्या गच्च झाडीत शिरते. हे पेरू बोराएवढे, लालचुटुक आणि आंबटगोड असतात, आणि येणारेजाणारे ते तोडून खातात. झाड मात्र बाहेरून आलेले असून मूळच्या रानाला ते गिळत चालले आहे, हे पुढे जागोजाग जाणवते. झाडी संपली की एक लहानसा सपाट टप्पा लागतो आणि त्यानंतर शेवटचा कातळटप्पा हातापायांनी चढावा लागतो.

तिथे हात टेकवताना खडक नीट पाहिला. सह्याद्रीत लाव्ह्याचे थर बहुतांशी आडवे, पायऱ्यांसारखे एकावर एक रचलेले असतात. इथे ते कलते आहेत, आणि त्यांचा उतार समुद्राकडे आहे. आतल्या, म्हणजे बेटाच्या मधल्या पठाराकडच्या बाजूला कडे तुटलेले आहेत. 1836 च्या मे महिन्यात ‘बीगल’ जहाजावरून आलेला चार्ल्स डार्विन याच डोंगरावर चढला होता आणि थरांचा समुद्राकडचा हा कल त्याच्याही नजरेतून सुटला नव्हता. माथ्यावरून उत्तरेला पोर्ट लुई आणि बंदर दिसते. ईशान्येला डोक्यावर गोल धोंडा घेतलेला 820 मीटरचा ‘पीटर बोथ’ उभा असतो. 1615 मध्ये मॉरिशसजवळ जहाज फुटून बुडालेल्या डच गव्हर्नर जनरलचे नाव त्याला मिळाले आहे. दक्षिणेकडे वळले की पठारापलीकडे कोर द गार्द आणि त्र्वा मामेल हे सुटे डोंगर दिसतात, आणि मग मडक्याचा तो काठ डोळ्यांनीच जोडता येतो.

काठाच्या आतले पठार नंतरच्या उद्रेकांचे आहे. त्या नव्या लाव्ह्याने मधली पोकळी भरून काढली आणि रांगांमधल्या मोकळ्या जागांतून बाहेर वाहत जाऊन उत्तरेची सपाट मैदाने तयार केली. क्यूरपीप गावातले ‘त्रू ओ सेर्फ’ हे विवर त्याच काळातले, आणि भाविकांनी गजबजलेला गंगा तलावसुद्धा एका जुन्या विवरातच साठलेला आहे. महाशिवरात्रीला पायी येणाऱ्यांपैकी किती जणांच्या मनात हे येत असेल, कोण जाणे.

पावसाचे गणितही आपल्या घाटमाथ्याची आठवण करून देते, फक्त दिशा उलटी. इथे वारे आग्नेयेकडून येतात, पठारावर चढताना गारठतात आणि सगळे पाणी तिथेच टाकतात. मधल्या उंच भागात वर्षाला सुमारे 4000 मिलिमीटर पाऊस पडतो, तर पश्चिम किनाऱ्यावर 900 च्या आसपास. क्यूरपीपला छत्री उघडून निघालेला माणूस तासाभरात तामारँला पोचतो, तेव्हा तिथे कडक ऊन असते आणि काळ्या दगडांनी बांधलेली जुनी मिठागरे दिसतात.

या दोन टोकांच्या मध्ये ब्लॅक रिव्हरची दरी आहे. 1994 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानात ती येते. कठड्याशी उभे राहिले की रान थेट समुद्राकडे उतरत जाताना दिसते, आणि भर दिवसा मोठी फळवटवाघळे दरीत संथपणे तरंगत असतात. 1974 मध्ये मॉरिशसचे खरुचीच्या जातीचे छोटे ससाणे रानात अवघे चार उरल्याची नोंद होती. त्यांची जात तगली, ती अशाच कड्याकपारींच्या आधाराने आणि माणसांनी घेतलेल्या कष्टांमुळे.

उसाच्या शेतांत मधूनमधून काळ्या दगडांचे भलेमोठे ढीग दिसतात. लाव्ह्याची जमीन लागवडीला आणण्यासाठी मजुरांनी ते धोंडे हातांनी वेचून रचले. गुलामगिरी संपल्यावर करारावर आणलेल्या भारतीय मजुरांत कोकणातली कुटुंबेही होती. ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात त्यांच्या वंशजांची वस्ती आहे आणि गणपतीत तिथे आजही जाखडी नाचली जाते. इथला धोंडा उचलताना तो त्यांना परका वाटला नसावा, असे माझे आपले मत.

कोणाला एकच डोंगर चढायचा असेल तर मी ल पूसच सुचवीन. शामारेलची सातरंगी माती पाहण्यासारखी आहे, पण तिथे कुंपणापलीकडून बघण्यापलीकडे काही करता येत नाही. मे ते नोव्हेंबर हा काळ बरा. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस असतात आणि ओला बेसाल्ट तिथेही आपल्याइतकाच निसरडा असतो. पीटर बोथच्या वाटेला मात्र दोर आणि जाणकार वाटाड्या असल्याशिवाय जाऊ नये.