कोरफड, टोळीचं तेल आणि नागपूरचा मे महिना

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी आंघोळ झाली, कोरफडीचं जेल तोंडाला मस्त चोपडलं, तेच ते हिरवंगार, डब्यावर मोठ्ठं पान छापलेलं आणि खाली नव्व्याण्णव टक्के शुद्ध वगैरे लिहिलेलं, आणि दहा मिनिटात चेहरा असा ताणला ना, की गच्चीवर आईनं वाळत घातलेल्या कुरडया आणि माझे गाल यात काही फरकच उरला नाही. मला वाटलं कमी लावलं असेल, म्हणून अजून एक थर दिला. अजून ताणलं. मग स्टोल गुंडाळून ॲक्टिवावर मनीषनगरहून परसोडीला आयटी पार्कात, तिथे नऊ तास एसी, आणि संध्याकाळी आरशात बघते तर नाकाच्या बाजूची कातडी सालपटासारखी निघून राहिली.

गंमत म्हणजे हेच जेल आदल्या वर्षी जुलैत मी लावत होते तेव्हा एक नंबर चाललं होतं. तेच जेल, तीच मी. बदललं होतं काय तर फक्त हवा, आणि हे मला कळायला एक मावसभाऊ लागला.

दादा आपल्या नागपूरच्या एलआयटीतून, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून शिकलेला, तेही तेलाच्या शाखेतून, त्यामुळे आमच्या घरी फोडणीच्या तेलापासून केसांच्या तेलापर्यंत सगळं त्याला विचारायची पद्धत आहे आणि तो पण न विचारता सांगतो. मी जेलचा डबा त्याच्यासमोर ठेवला. त्यानं उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाला, "अगं बाई, कोरफडीच्या गरात असते काय? पाणीच ना. तू तोंडाला पाणी लावून राहिली आणि नागपूरची हवा ते पिऊन राहिली."

खरंच आहे. कोरफडीच्या गरात ९८-९९ टक्के पाणीच असतं, उरलेल्या थोड्याशा भागात ते बुळबुळीत साखरेसारखे पदार्थ असतात जे पाणी धरून ठेवतात. मुंबईत किंवा कोकणात हवेतच इतकं पाणी आहे की हे पदार्थ बिचारे आपलं काम करतात. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ डिग्री होतं, आठवतं का कोणाला? आणि २०२४ च्या मे मध्ये तर रामदासपेठेतल्या एका ऑटोमॅटिक यंत्रानं चक्क ५६ दाखवले होते, नंतर कळलं की सेन्सरच बिघडला होता, पण खरं सांगू का त्या दिवशी कोणालाच ते खोटं वाटलं नाही. अशा हवेत पाणी ओढणारा पदार्थ एकटाच लावला तर तो ओढणार कुठून? बाहेर पाणी नाही, मग कातडीच्या आतल्या थरातून ओढतो, आणि ते वर आलेलं पाणी हवा घेऊन जाते. म्हणजे मी पैसे देऊन स्वतःला वाळवून घेत होते.

दादानं मग विटा आणि गारा हे उदाहरण दिलं. कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींच्या विटा, आणि त्यांच्यामध्ये चरबीचा गारा, त्यात सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिडं. गारा झडला की भिंतीतून पाणी बाहेर जायला लागतं, त्यालाच आपण अंग उललं, पांढरं पडलं म्हणतो. आता क्रीममधली कुठलीही वनस्पती घ्या, ती या तीनपैकी कुठलं तरी काम करते. एक तर पाणी ओढून धरते, जसं कोरफड, ग्लिसरीन. नाहीतर विटांमधल्या फटी भरते, जसं सूर्यफुलाचं, करडीचं तेल. नाहीतर वरून झाकण घालते, जसं ते जाड बटर नाहीतर मेण. काही दोन कामं करतात. पण कोणी एकटं तिन्ही करत नाही, आणि डब्याच्या पुढच्या बाजूला नेमकं तेच लिहिलेलं असतं की हे एकटं सगळं करते.

त्या दिवसापासून मला डबे उलटे करून वाचायचं वेड लागलं. सीताबर्डीवर दुकानात मी चष्मा वर करून डबा नाकाला लावून उभी असते आणि काउंटरवरची ताई विचारते की मॅडम एक्सपायरी बघता का. नियम साधा आहे, जे जास्त आहे ते आधी लिहायचं, उतरत्या क्रमानं. पण एक टक्क्याच्या खालचे पदार्थ कुठल्याही क्रमानं लिहिता येतात, आणि खरी मेख तिथेच आहे. त्यात एक खूण दादानं सांगितली ती मी आता सगळ्यांना सांगत सुटते: यादीत फिनॉक्सीइथेनॉल शोधा. ते टिकवण्यासाठी घालतात आणि एक टक्क्यापेक्षा जास्त घालता येत नाही. म्हणजे त्याच्यानंतर जी काही फुलं, पानं, केशर, चंदन लिहिलंय ते सगळं एक टक्क्याच्या आत. मी एक केशराचं क्रीम वापरत होते, बरीच वर्षं, त्यात केशर सुगंधाच्याही नंतर होतं. म्हणजे आई खिरीत घालते तेवढं पण नाही.

आणि जवळपास प्रत्येक यादीत पाण्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला कोण सापडलं तर ग्लिसरीन. आपलं साधं, मेडिकलमध्ये छोट्या बाटलीत मिळणारं. आज्या गुलाबपाण्यात कालवून हातापायाला लावायच्या तेच. स्वीडनच्या शेले नावाच्या शास्त्रज्ञानं १७७९ मध्ये ऑलिव्ह तेल उकळताना ते शोधलं, आणि आजही बहुतेक वेळा ते पाम, नारळ, सोयाबीन अशा तेलांपासूनच निघतं, म्हणजे तेही वनस्पतीचंच की. पण डब्याच्या पुढे ग्लिसरीनचा फोटो कोणी छापत नाही, कारण छापणार काय? कोरफडीला पान आहे. सगळं राबणं ग्लिसरीनचं आणि लग्नाच्या अल्बममध्ये फोटो कोरफडीचा. फक्त नुसतं, पाणी न घालता लावू नका, चिकचिक होते आणि मग तोच माझ्या जेलसारखा प्रकार.

आता खरी मजेची गोष्ट. मला शिया बटरचं भारी कौतुक होतं. पश्चिम आफ्रिकेतून येतं, छोटीशी डबी, किंमत विचारू नका. यादीत त्याचं नाव ब्युटायरोस्पर्मम पार्की असं असतं, लक्षात ठेवा, कामी येईल. तर ही डबी मी घरी उघडली आणि माझी आजी, जी मूळची गडचिरोलीतल्या आरमोरीकडची, तिनं बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला आणि म्हणाली, "लोण्यावानी दिसून रायलं. आमच्याकडं टोरीचं तेल थंडीत असंच जमते."

टोरीचं म्हणजे मोहाच्या बियांचं, कोणी टोळीचं म्हणतात. मोहफुलं मार्च-एप्रिलमध्ये पडतात ते सगळ्यांना माहीत आहे, त्यांची पुढची प्रसिद्धी पण माहीत आहे, पण त्यानंतर पावसाच्या तोंडावर जी फळं येतात त्यांच्या बियांचं हे तेल निघतं. गडचिरोली, गोंदियाकडे दिव्यात, भाजीत आणि हिवाळ्यात उललेल्या टाचांवर. मी हसले आणि दादाला फोन केला, आणि दादा म्हणतो की आजी बरोबर बोलून राहिली. शिया आणि मोह एकाच कुळातले. सॅपोटेसी म्हणजे चिकूचं कूळ. आणि ते मोरोक्कोचं अर्गन तेल, जे केसांच्या सीरमच्या बाटलीवर सोनेरी अक्षरात असतं, तेही त्याच कुळातलं! शियात आणि मोहात दोन्हीकडे ओलेइक आणि स्टिअरिक ही फॅटी ॲसिडं मुख्य, मोहात जोडीला पामिटिक पण बऱ्यापैकी, म्हणून ते दोन्ही थंडीत जमतात आणि अंगाच्या गरमीनं वितळतात. अगदी एकसारखी नाहीत, चुलत भावंडं म्हणा. म्हणजे आफ्रिकेतली चुलत बहीण मी पाचशे-सहाशे रुपये देऊन आणली आणि घरची मोठी मावशी आरमोरीत दिव्यात जळून राहिली.

आता हे वाचून कोणी लगेच घरातलं प्रत्येक तेल तोंडाला फासू नका, प्लीज. मी हे सगळं करून बसले आहे.

जवसाचं उदाहरण घ्या. आपल्या विदर्भात जवस म्हणजे चटणी, भाताबरोबर, त्यावर कच्चं तेल, अहाहा. मी विचार केला पोटाला इतकं चांगलं तर गालाला पण असेल. दादानं कपाळाला हात लावला. जवसाचं तेल हवेत वाळून कडक होणारं तेल आहे, म्हणून तर ते रंगात, व्हार्निशमध्ये, खिडकीच्या काचा बसवायच्या लांबीमध्ये, म्हणजे पुट्टीत वापरायचे. चेहऱ्यावर ते पटकन खवट होतं आणि चिकटून बसतं. पण जवस भिजवून उकळलं की जो बुळबुळीत चीक सुटतो ना, तो वेगळा, तो पाणी धरून ठेवतो, केसांना, हाताला छान. फक्त फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-चार दिवसात संपवा, त्यात टिकवायला काही नसतं आणि आपल्या उन्हाळ्यात ते बाहेर ठेवलं तर संध्याकाळपर्यंतच वास मारतं, अनुभव आहे.

खोबरेल तेलावर बोलायला मला भीती वाटते कारण घराघरात भांडणं होतात. त्यात जवळपास निम्मं लॉरिक ॲसिड असतं, हातापायाला, केसांना उत्तम, पण ज्यांना पिंपल्स येतात त्यांच्या चेहऱ्यावर ते छिद्रं बुजवू शकतं. माझ्या बहिणीला काही होत नाही, मला हनुवटीवर तीन दिवसात दाणे. ऑलिव्ह तेलात ओलेइक खूप, आणि नुसतं ओलेइक त्या गाऱ्याला उलट सैल करतं, त्यामुळे लहान बाळाच्या मालिशसाठी महागडी ऑलिव्हची बाटली आणणाऱ्यांनी एकदा विचार करावा. त्यापेक्षा सूर्यफूल किंवा आपली करडी, ज्यात लिनोलेइक जास्त, गाऱ्याला जास्त मानवते. करडीचं यादीतलं नाव कार्थॅमस टिंक्टोरियस, एवढं भारदस्त की ओळखूच येत नाही.

आणि संत्री. नागपूरकर असून संत्र्याच्या सालीबद्दल वाईट बोलायचं म्हणजे माहेरच्या विरोधात साक्ष देण्यासारखं. पण वाळलेल्या सालीची पूड हे मॉइश्चरायझर नाही, ती घासते, आणि सालीतलं जे वासाचं तेल आहे त्यातलं लिमोनीन जुनं झालं, हवा लागली की काही जणांना खाज आणतं. दिवाळीच्या उटण्यात ठीक आहे. कोरड्या पडलेल्या गालावर नको.

घरच्या कुंडीतली कोरफड वापरायची असेल तर पान कापून आधी उभं ठेवा, तो पिवळा चीक निथळू द्या, त्यानं आग होते, कोरफडीनं मला पुरळ आली म्हणणाऱ्या अर्ध्या लोकांचा घोळ तिथेच असतो असं माझं मत. आणि काहीही नवीन असो, झाडाचं असो की कारखान्यातलं, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस बघा. धोतरा पण वनस्पतीच आहे ना बाप्पा.

एक कबुली पण देऊन टाकते. झाकण घालण्याच्या कामात सगळ्यात भारी आजही पेट्रोलियम जेली आहे, जी कुठल्याच झाडाला लागत नाही. कातडीतून उडून जाणारं पाणी ती जवळपास सगळंच थांबवते, कुठलंही तेल त्याच्या जवळपास येत नाही. डिसेंबरात टाचांना मी तीच लावते आणि वर मोजे. चेहऱ्यावर मात्र ती मला मेणबत्ती करून टाकते म्हणून तिथे बटर.

तर सध्या माझं असं चाललंय की आंघोळीनंतर टॉवेलनं खसाखसा पुसत नाही, चेहरा ओला असतानाच ग्लिसरीनवालं साधं लोशन, ते वाळायच्या आत दोन थेंब करडीचं तेल, आणि रात्री जिथे कोरडं वाटेल तिथे बटर. कोरफडीचं जेल फेकलं नाही, ते पावसाळ्यात काढते, नाहीतर मे मध्ये लावलंच तर वर तेल घालून. आणि घरी एसीपेक्षा कूलर. हे मला आधी सुचलंच नव्हतं, एसी हवा कोरडी करतो आणि कूलर ओली, त्यामुळे कूलरच्या खोलीत झोपलेल्या आजीची कातडी माझ्यापेक्षा चांगली राहते, वयाची ऐंशी ओलांडून. ती म्हणते ते टोरीच्या तेलानं आहे. मी वाद घालत नाही.

या हिवाळ्यात आरमोरीहून मामानं एका जुन्या औषधाच्या बाटलीत पावशेर टोळीचं तेल पाठवलं. जमून पिवळसर घट्ट झालेलं, बाटलीतून निघता निघेना, शेवटी काडीनं टोकरून काढलं. हाताला लावलं तर अगदी छान मुरतं, सकाळपर्यंत कोपरं मऊ. फक्त वास. शियाला कारखान्यात वास काढून पाठवतात, मामाकडे तशी काही सोय नाही. पहिल्या रात्री लावून हॉलमध्ये आले तर आई टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली, "देवघरातलं तेल सांडलं का गं?"